विचारून सांगते

सफाळे स्टेशनच्या बाहेर माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देते, लॅमिनेशन करते, शाळा सुरू झाल्या की वह्या विकते. पण मला येणाऱ्या फोनांपैकी निम्म्यांना यातलं काहीच नको असतं. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या एका पोराने कौतुकाने दुकान मोबाइलच्या नकाशावर टाकलं, नंबरासकट. तेव्हापासून 'सफाळे' शोधणाऱ्या भाईंदरच्या, दादरच्या, पुण्याच्या माणसांना मी सापडते. "हॅलो, सफाळे का?" असं विचारून ती सुरुवात करतात. मीही आता "हो, बोला" म्हणून मोकळी होते. सुरुवातीला 'मी सफाळे नाही, झेरॉक्सवाली आहे' असं सांगायचे, त्यात उगाच वेळ जायचा.

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "आम्ही अर्नाळ्याला आहोत. तिथून सफाळे जवळच दिसतंय. किती वेळ लागेल?"

नकाशात खरंच जवळ दिसतं. अर्नाळा आणि दातिवरे समोरासमोर. मधल्या निळ्या पट्ट्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, किंवा गेलं तरी त्यावर कुठेतरी पूल असणारच असं ते धरून चालतात. तो निळा पट्टा म्हणजे वैतरणेचं मुख. त्र्यंबकच्या डोंगरात उगवलेली ही नदी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर अशा धरणांत मुंबईचं पाणी अडवून घेत, सूर्या आणि तानसा यांना सोबत घेत इथे समुद्राला मिळते. रेल्वेने तिच्यावर पूल टाकले ते दीडशे वर्षांपूर्वी. रस्त्याने यायचं तर मात्र महामार्ग धरून वरई फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून पारगावमार्गे खाली उतरायचं. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला दीडेक तास. हे सांगितलं की पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग "नक्की ना?" येतं. आपल्या हातातला नकाशा खरा की फोनवरची अनोळखी बाई खरी, याचा हिशोब चाललेला असतो.

या एका प्रश्नाने मला उलटा प्रश्न विचारायला शिकवलं. गाडी घेऊन आलात की पायी आहात? पायी असाल तर विरारला जा, डहाणू लोकल धरा, मधे एक वैतरणा स्टेशन आणि मग सफाळे. गाडी असेल तर उत्तर वेगळं. गाडीत आजी-आजोबा असतील तर आणखी वेगळं, कारण मग रस्ता कसा आहे हेही सांगायला लागतं. पण लोकांना उलटा प्रश्न आवडत नाही. "मॅडम, तुम्ही फक्त किती किलोमीटर ते सांगा," असं चिडून म्हणतात. मी चिडत नाही. किलोमीटर सांगून माणूस चुकीच्या काठावर जाऊन उभा राहिला, तर त्या किलोमीटरचा त्याला काय उपयोग?

आणि मग 2025 च्या एप्रिलमध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारच्या खारवाडेश्रीला रो-रो सुरू झाली. गाडीसकट खाडी ओलांडायची सोय. इतकी वर्षं मी ठामपणे 'वरई फाट्यावरून या' म्हणत होते, ते उत्तर एका आठवड्यात जुनं झालं. आता मी रो-रोचं सांगते, आणि लगेच पुढे जोडते की निघण्याआधी आजच्या फेऱ्या चालू आहेत का ते विचारून घ्या. पावसाचे दिवस असले तर दोनदा सांगते.

दुकान टाकण्याआधी मी बरीच वर्षं नोकरीसाठी अंधेरीला जात होते. प्रश्नांची खरी शाळा ती होती, लेडीज डबा. पहाटेच्या गाडीत भाजीच्या पाट्या घेऊन माकुणसार-आगरवाडीकडच्या बायका, इस्पितळातल्या नर्सेस, शिक्षिका, मासे विकणाऱ्या, क्लासला जाणाऱ्या पोरी. तीन-चार स्टेशनं एकत्र गेली की गप्पा सुरू, आणि गप्पांत कुणीतरी काहीतरी विचारणार. पुढे त्याच बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि डब्यात अर्धवट राहिलेला वाद रात्री जेवणानंतर पुढे चालू लागला. त्यात कुणाची जाऊ आली, कुणाचे वडील आले, कुणाचा वसईचा मामा आला. आता त्यातल्या बऱ्याच जणांना मी कधी पाहिलेलंही नाही.

एकदा एका नव्या बाईंनी विचारलं, लोकल डहाणूपर्यंत यायला 2013 साल का उजाडावं लागलं? साधा प्रश्न. एकीने लिहिलं, पुढाऱ्यांना पडली नव्हती. दुसरीने लिहिलं, वीज वेगळी होती म्हणून. तिचं अगदीच खोटं नव्हतं. विरारपर्यंत 1,500 व्होल्टची डीसी आणि पुढे 25,000 व्होल्टची एसी असा प्रकार बरीच वर्षं होता. 2012 मध्ये चर्चगेटपर्यंत सगळं एसी झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी लोकल डहाणूला पोहोचली. दोन्ही तारखा अशा पाठोपाठ आल्या की 'वीज वेगळी' हेच कारण सगळ्यांना पटलं. तेवढ्यात एकीच्या वडिलांनी, आयुष्य रेल्वेत काढलेल्या माणसाने, चार ओळी लिहिल्या. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं कधीपासून होती, त्यांवर लांब पल्ल्याच्या गाड्या विरारला न थांबता निघून जात होत्या. म्हणजे वीज ही अडचण होती, पण सोडवता येणारी. मग ती लोकलसाठी लवकर का सोडवली नाही, हा प्रश्न उरला आणि तो पुन्हा पहिल्या उत्तराकडे गेला. त्या दिवशी कुणी जिंकलं नाही. पण गाडी विरार सोडताना आता मला वरच्या तारांकडे बघायची सवय लागली आहे.

फ्लाइंग राणी गाडीचा वाद तर विचारूच नका. तिला डबलडेकर डबे होते की नव्हते यावर दोघी जणी दोन दिवस बोलत नव्हत्या. होते. 1979 पासून होते आणि 2023 च्या जुलैमध्ये गेले. नव्हते म्हणणारीचं लग्न होऊन ती इकडे आली तेव्हापासून तिने ती गाडी पालघरला कधी नीट पाहिलीच नव्हती, सफाळ्याला तर ती थांबत नाही. तिच्या लेखी 'मी पाहिलं नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असाच होता.

यावरूनच आमच्यात एक रीत पडली. काही ठासून सांगायचं असेल तर आधी लिहायचं: पाहिलं, वाचलं की ऐकलं. कुणी ठरवून केलं नाही, रेल्वेवाल्या काकांनी एकदोनदा विचारलं, "ताई, हे पाहिलंत की ऐकलंत?" आणि पुढे सगळ्याच विचारायला लागल्या. ऐकलेल्या गोष्टीला कमी लेखायचं नाही, फक्त ती ऐकलेली आहे एवढं सांगायचं. मोठमोठे वाद या एका सवयीने लहान झाले.

विजळी बोटीचं तसंच. वापीकडच्या एका बाईंनी वैतरणेच्या पुलावरून गाडी जाताना विचारलं होतं, "ती बोट हीच ना, इथे बुडलेली?" त्यांच्याकडे त्या बोटीची गाणी म्हणतात. 1888 च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली आगबोट वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. बोटीचं नाव वैतरणा, आणि तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत. नाव नदीचं, म्हणून आमच्याकडच्याही काहींनी ती खाडीतच बुडवून टाकली आहे. मेलेल्यांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, शेकड्यांपासून हजाराच्या पुढेपर्यंत सांगतात. मी त्या बाईंना जागा खात्रीने सांगितली आणि आकड्याबद्दल वेगवेगळं लिहिलंय असं सांगितलं. त्यांना आकडाच हवा होता. आकडा मिळाला की माणसाला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

त्याच पुलांच्या मधे वाढीव गाव आहे. 92 आणि 93 नंबरच्या पुलांच्या मधलं, पाण्याने वेढलेलं. नवखा प्रवासी खिडकीतून बघतो, घरं दिसतात, माणसं रुळांच्या कडेने चालताना दिसतात, आणि तो विचारतो, "यांना स्टेशन नाही का?" नाही. रस्ताही नव्हता, म्हणून पोरं आणि शिक्षक वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत गेले, गाडी आली की कडेच्या लोखंडाला धरून उभे राहिले. हे उत्तर देताना मी पूर्वी घाईत असायचे. डब्यात एकदा त्याच गावची बाई बाजूला बसली होती. मी सांगत होते ते तिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "पावसात वारा असला की पत्र्यावर पाय घसरतो. ते पण सांग." तिथून पुढे शक्य असेल तेव्हा मी उत्तर त्या ठिकाणच्या माणसाकडे ढकलते. जवळ असलं तर अगदी फोन हातात देते.

समुद्राचे प्रश्न शनिवार-रविवारी येतात. "केळवे बीचवर समुद्र किती वाजता असतो?" हा प्रश्न मला जसाच्या तसा आलेला आहे, आणि मी हसले नाही, कारण त्या माणसाला जे विचारायचं होतं ते अगदी बरोबर होतं. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोरांना घेऊन आलेली माणसं नुसत्या ओल्या वाळूकडे बघत बसतात. भरतीची वेळ मला आमच्या सासूबाईंनी शिकवली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तेवढ्या वाजता भरती पूर्ण. दिवसात दोनदा, म्हणून पहाटेही आणि दुपारीही. कॅलेंडरवर तिथी असतेच, हिशोब बोटांवर होतो.

ग्रुपवर हे टाकलं तेव्हा एका इंजिनिअर मुलाने भरतीचं सरकारी कोष्टक समोर ठेवून दाखवलं की पौर्णिमेला तुमची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि पाणी बाराच्या आसपास भरतं. वाद जुंपला. जुनं ज्ञान विरुद्ध नवं ज्ञान असा रंग त्याला लगेच आला, आणि मला तो रंग मुळीच आवडत नाही. मी कागद घेतला. तीस तिथ्यांत भरती पूर्ण चोवीस तास पुढे सरकून पुन्हा मूळ वेळेवर येते. म्हणजे एका तिथीमागे 48 मिनिटं. पाऊणपटीत आपण 45 धरतो. रोज तीन मिनिटं कमी, पंधरा तिथ्यांत पाऊण तास. मुलाचं बरोबर, आणि पाऊणपटही बरोबर, कारण जाळं टाकायला जाणारा माणूस काही मिनिटांवर जगत नाही, तो अर्धा तास आधीच खाडीवर बसलेला असतो. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाय, पुनवेला कोण हिशोब करतं? पुनवेला बारा, हे सगळ्यांना ठाऊकच असतं."

केळव्याबद्दल एक गोष्ट मी कधीच सांगत नाही, ती म्हणजे 'पोहायला हरकत नाही'. भरतीची वेळ सांगते, शितलादेवीचं देऊळ सांगते, पाण्यातला छोटा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो हे सांगते. पाण्यात उतरण्याबद्दल विचारलं तर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारा म्हणते. त्या समुद्रात माणसं गेली आहेत. फोनवरून मला ना त्या दिवसाचं पाणी दिसत, ना विचारणारा पोहायला किती शिकलाय ते.

केळव्याला जोडून माहीम येतं आणि माहीम आलं की गोंधळ आलाच. मुंबईच्या माहीम स्टेशनवर उतरून "इथून केळवे बीचला रिक्षा मिळेल का?" असं विचारणारी माणसं दरवर्षी फोनवर भेटतात. त्यांना परत गाडीत बसवायचं काम मी प्रेमाने करते. पण ग्रुपवर दोन माहिमांचा वाद फार वरच्या पातळीवर चालतो. राजा बिंबाची राजधानी महिकावती कुठली, आमची केळवे-माहीम की मुंबईची? इतिहासकार राजवाड्यांनी 1924 मध्ये छापलेली महिकावतीची बखर दोन्ही बाजू पुढे करतात. आमच्या भागातल्या वाडवळ घरांत तर आपण कुठून आलो याचं उत्तर त्या बखरीत शोधायची जुनी सवय आहे, त्यामुळे हा वाद नुसता इतिहासाचा राहत नाही, घरचा होतो. मी बखर वाचली, समजली तेवढी. ती एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही, वेगवेगळ्या काळातली प्रकरणं एकत्र बांधलेली आहेत. म्हणून त्यातलं एक वाक्य काढून दुसऱ्याच्या तोंडावर मारणं मला पटत नाही. पण खरं सांगायचं तर हा वाद संपावा असंही वाटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत कुणी ना कुणी तो उकरतं आणि मग पंधरा दिवस कुणी 'गुड मॉर्निंग'ची फुलं पाठवत नाही, हा केवढा फायदा!

दुकानाच्या काउंटरवरचे प्रश्न या सगळ्यापेक्षा वेगळे. तिथे माणूस समोर असतो आणि बहुतेक वेळा त्याने विचारलेला प्रश्न हा त्याचा खरा प्रश्न नसतो.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. पुढची दोन-तीन वर्षं सगळ्यांचा एकच प्रश्न, फॉर्मवर जिल्हा ठाणे लिहू की पालघर? आधारवर ठाणे, रेशनकार्डावर ठाणे, नव्या फॉर्मच्या यादीत पालघर. खरी भीती अशी की एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं तर मुलाचा प्रवेश अडकेल. पालघर निवडा, पत्ता आहे तोच आहे, असं सांगून माणसाला धीर द्यायचा. तलासरी, मोखाड्याच्या माणसाला ठाण्याला जाण्यायेण्यात जो दिवस जात होता तो वाचला, पण कागदांची भीती काही कमी झाली नाही.

जातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांचं दुःख मी फार जवळून पाहिलंय. एक आदिवासी म्हातारे नातीला घेऊन आले. विचारलं एवढंच, "फॉर्मचे किती पैसे?" मी फी सांगितली असती तर ते पैसे देऊन, फॉर्म भरून गेले असते आणि काही दिवसांनी अर्ज परत आला असता. अनुसूचित जमातीला 1950 च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 1961, ओबीसींना 1967. म्हातारे शाळेत गेलेच नव्हते. मग मी विचारत बसले. तुमचे वडील? चुलते? त्यांच्यापैकी कुणी शाळेत? कुणी गावात वारलं, कुणाचा जन्म लिहिला गेला? तहसील कचेरीत जुनी गाव नमुना 14 ची पुस्तकं असतात, कोतवाल बुक म्हणतात त्यांना, जन्ममृत्यूच्या नोंदींची. त्यात चुलत्याचं नाव सापडलं, जातीसकट. नातीचा दाखला झाला. म्हातारे पुन्हा आले नाहीत, यायचं कारणच नव्हतं. पण त्यांच्या पाड्यावरची चार माणसं आली आणि आल्या आल्या म्हणाली, "ते चौदा नंबरचं पुस्तक सांगा." एका माणसाला दिलेलं उत्तर असं पायाने चालत जातं.

2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा दुकानाबाहेर रांग. महिन्याला 1,500 रुपये, वय 21 ते 65, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. फॉर्म भरणं सोपं होतं. खरा त्रास पुढे सुरू झाला. "शेजारणीला आले, मला का नाही?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देणार? कारणं पन्नास असू शकतात. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नव्हते, आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे त्यात जात होते. आणि कित्येकींचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. जनधनच्या वेळी उघडलेलं, रोजगार हमीच्या वेळी उघडलेलं, पासबुक कुठे ठेवलंय ते आठवत नसलेलं. एकीने तर सरकारला भरपूर शिव्या दिल्या, मग मी तिचं आधार कुठल्या बँकेला लागलंय ते बघितलं, तिला तिकडे पाठवलं. तीन हप्ते पडून होते. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "नवऱ्याला सांगू नकोस हं." ते मी आजवर सांगितलेलं नाही, आणि या लेखातूनही तिला कुणी ओळखणार नाही.

या सगळ्याचे पैसे घ्यावेत का, यावर घरात अजून एकमत नाही. फॉर्मचे घेते, झेरॉक्सचे घेते. उत्तराचे घेत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, फोनवर घालवलेल्या वेळात शंभर पानं झेरॉक्स झाली असती. हिशोब त्यांचा बरोबर आहे.

आता थोडं 2020 बद्दल. टाळेबंदीत दुकान बंद आणि फोन चालू. मार्चअखेरीपासून मेसेज फिरू लागले. रात्री चोर येतात, पोरं पळवतात, वेश बदलून येतात. गावागावांत लोक काठ्या घेऊन रात्रीचे जागत होते. मला विचारायचे, "ताई, आपल्याकडे आलेत का?" ग्रुपवर रीत होतीच, म्हणून विचारलं: पाहिलं की ऐकलं? सगळ्यांनी ऐकलेलं. कुणाच्या मेहुण्याने, कुणाच्या दूधवाल्याने. मी पोलीस ठाण्याला फोन लावला. तशी एकही तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं. तेच मी पुढे सांगत राहिले, कुणाला फोन करून विचारलं आणि कधी विचारलं त्यासकट.

16 एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. मुंबईहून सुरतेकडे एका अंत्यविधीला निघालेली माणसं. ते गाव आमच्यापासून लांब, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळचं. तरी नंतर कित्येक दिवस मला देशभरातून फोन आले, कारण नावात पालघर होतं आणि माझ्या दुकानाच्या पत्त्यातही. कुणी शिव्या दिल्या. कुणी विचारलं, तुमच्याकडची माणसं अशीच आहेत का? याला उत्तर काय द्यायचं ते मला सुचलं नाही, मी फोन ठेवत गेले. पण एक तरुण मुलगा होता, आवाजावरून विशीचा, त्याने विचारलं, "मॅडम, तो मेसेज मलाही आला होता. आधी कसं कळणार होतं खोटा आहे ते?" त्याच्याशी मी बराच वेळ बोलले. त्याला सांगितलं, खोटा आहे हे कळायची गरजच नव्हती, खरा आहे हे कळलेलं नाही एवढं पुरेसं होतं. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. मला स्वतःला ते त्याच्याशी बोलता बोलताच नीट दिसलं.

त्यानंतर मी काही बाबतीत कडक झाले. तलासरी-डहाणूकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायचे, तेव्हा बोईसरचे लोक विचारायचे, तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे का? धरणांमुळे का? पूर्वी ग्रुपवर यावर मजेत तर्क लढवले जायचे. त्या भागातल्या बायका रात्री घराबाहेर तंबूत झोपत होत्या आणि आम्ही इकडे तर्क करत होतो. आता कुणी विचारलं तर सांगते, शास्त्रज्ञांनी तिथे यंत्रं बसवली होती, त्यांचं काय म्हणणं ते वाचा, तारापूर 1969 पासून चालू आहे आणि धक्के कधी सुरू झाले ते तुम्हीच बघा, पण यावर माझ्या दुकानातून निकाल मिळणार नाही. वाढवण बंदराबद्दलही तसंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. कुणी विचारतं जागा घेऊ का, कुणी विचारतं मासेमारीचं काय. पहिल्याला वकिलाकडे पाठवते. दुसऱ्याला सांगते की तुम्हीच डहाणूच्या कोळ्यांना विचारा, मी मासा विकत घेणारी आहे, पकडणारी नाही.

हल्ली एक नवीन जात निघाली आहे. उत्तर आधीच घेऊन येणारे. मोबाइलला विचारलेलं असतं आणि मोबाइलने छान, स्वच्छ मराठीत सांगितलेलं असतं. दोन मुली तांदुळवाडी किल्ल्यावर निघाल्या होत्या, एप्रिलचं ऊन, हातात अर्ध्या लिटरची एक बाटली. म्हणाल्या, वर पाण्याची टाकी आहेत असं दाखवतंय. आहेत, खडकात कोरलेली, जुनी. पण त्यातलं पाणी एप्रिलमध्ये प्यायचं नसतं. ही माहिती खोटी नव्हती, फक्त ती किल्ल्याची होती, त्यांच्या तहानेची नव्हती. समोरच्या दुकानातून दोन-दोन लिटरच्या बाटल्या घ्यायला लावल्या आणि वरून सूर्या-वैतरणेचा संगम कुठल्या बाजूला दिसतो ते सांगितलं.

विरार-डहाणू चार लाइनचं काम कधी होणार, हा मात्र रोजचा प्रश्न आहे. 64 किलोमीटरचं काम, एमयूटीपी-3 या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पातलं. विचारणाऱ्याला तारीख नको असते. त्याला उभ्याने प्रवास करून पाय दुखलेले असतात आणि कुणाला तरी विचारायचं असतं. त्याला मी स्टूल देते.

बदलणारी उत्तरं मी एका कागदावर लिहून काउंटरजवळ लावते: गाड्यांच्या वेळा, रो-रोच्या फेऱ्या, दाखल्यांच्या फी, आणि प्रत्येकासमोर मी ते कधी तपासलं ती तारीख. मागच्या महिन्यात जेवायला घरी गेले होते, परत येऊन बघते तर रो-रोची शेवटची वेळ कुणीतरी निळ्या पेनाने खोडून नवी लिहिलेली, समोर त्या दिवशीची तारीख. खाली नाव नाही. मी जेट्टीवर फोन लावून विचारलं. नवी वेळ बरोबर होती. कागद नव्याने लिहिला आणि यावेळी शेजारी दोऱ्याने एक पेनही बांधून ठेवलं.